तीन वेळा सबूर

आजोळी मला सगळे 'मुकी' म्हणतात. त्यात राग नसतो. कंधारला मामांच्या दारात उतरले की मामी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणते, "आली बगा आमची मुकी," आणि मी नुसती हसते, म्हणजे तिचं म्हणणं खरं ठरतं. लातूरच्या माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. सुट्टीत कंधारला आले की माझं मराठी ऐकून भावंडं हसायची. "ही पुस्तकातून बोलून राहिली," म्हणायची. मग दोन्हीकडे गप्प बसणं सोपं पडलं. गप्प माणसासमोर लोक बोलत राहतात, हे मला फार लवकर कळलं.

नांदेडला मी कायद्याचं पुढचं शिक्षण घेते. प्रबंधाचा विषय मीच निवडला: देशांनी एकमेकांवर शस्त्र कधी उचलावं आणि कधी उचलू नये. हा विषय कुठून सुचला असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. आमच्या मराठवाड्यात, भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली त्या घटनेला सगळे 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात. म्हातारी माणसं अजून 'अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी एवढा होतो' म्हणून जमिनीपासून हात वर धरून दाखवतात. रणगाडे आले होते, पण नाव पोलिसांचं. 'युद्ध' म्हटलं की ते दोन देशांमधलं ठरतं, 'पोलीस' म्हटलं की घरातलं. एका शब्दाला एवढं वजन असतं हे मार्गदर्शक बाईंनी समजावलं तेव्हा मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसती बघत राहिले. बहुधा तिथूनच सुचला असेल.

पण वर्षभर वाचूनही खरी बंदूक मी फक्त बँकेच्या दारातल्या शिपायाकडे पाहिली होती. कलमं पाठ होती. गोळी कशी सुटते हे माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी आईचा फोन आला. तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे मामांनी, निरोप दिला होता: 'मुकीला धाड. एक इंग्रजी कागद वाचायचा हाय. दुसऱ्या कुनाला देणार न्हाई.'

मामा फौजेत होते, हवालदार होऊन परत आले. त्यातलं एक वर्ष ते आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होते. त्यांचा निळ्या हेल्मेटमधला फोटो बैठकीत आहे. त्या वर्षाबद्दल त्याहून जास्त काही कोणाला माहीत नव्हतं. विचारलं की मामा म्हणत, "गरम होतं तिकडं. पन आपल्याइतकं न्हाई."

कंधारच्या स्टँडवर मामा मोटारसायकल घेऊन आले होते. शेजारच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा जण बसले होते. त्यातल्या एकाचं स्टँडसमोर शिवणकामाचं दुकान आहे, गळ्यात टेप तसाच अडकवून ते चहाला येतात. त्यांनी हाक मारली.

"फौजी, पाहुणी कोन?"

"भाची हाय. लातूरची. वकिलीचं शिकून राहिली नांदेडला."

"मग बरं झालं. बाई, तुम्ही तरी इचारा यांना. आम्ही थकलो. आफ्रिकेत जाऊन किती उडवले ते सांगतच न्हाईत."

"उडवले कशाचे," दुसरा म्हणाला. "ह्ये स्टोअरात पिठाची पोती मोजत होते. वर्षभर भाकरी थापून आले."

"थापल्या की," मामा म्हणाले. "तुला जमत न्हाईत तसल्या."

सगळे हसले, मामाही हसले. पण गाडीला किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला. त्यांचा पाय घसरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

जेवताना मामांनी मी काय शिकते ते विचारलं. मला मराठी शब्द पटकन सापडेना. शेवटी म्हटलं, "बलप्रयोग."

"ते काय अस्तंय?" मामीने विचारलं.

"हात टाकणं," मामा म्हणाले. "एका देशानं दुसऱ्यावर हात टाकायचा. हाव ना?"

"उगारणंसुद्धा," मी म्हटलं. "उगारायलाही बंदी आहे. धमकी दिली तरी नियम मोडतो."

मामांचा घास हातातच राहिला. "उगारायला बी बंदी? मग सोडलंय काय?"

"दोनच गोष्टी. आपल्यावर कोणी हात टाकला तर स्वतःला वाचवायला. आणि सगळ्या देशांच्या पंचायतीने परवानगी दिली तर. तेसुद्धा गरजेपुरतं. समोरच्याने जेवढं केलं त्याच्या प्रमाणात."

मामी धपाट्यावर दही वाढत होती. ती म्हणाली, "आन् मधी पडायचं असंल तर? शेजारच्या घरात बाई मार खाऊन राहिली, आन् पंचायत काय बसंना. मग?"

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी याच प्रश्नावर अडकले होते. म्हटलं, "त्यावर अजून वाद चालू आहे, मामी."

"वाद संपस्तवर ती मरंल की," मामी म्हणाली आणि मला आणखी एक धपाटा वाढला.

मग ती मामांकडे वळली. "हेडमास्तर तिसऱ्यांदा येऊन गेले. सव्वीस जानेवारीला झेंडा ह्यांनीच लावायचा, दोन शब्द बोलायचे. ह्यांचं आपलं एकच, बगू."

"ते हिच्यावर हाय," मामा म्हणाले. त्यांनी बोटाने मला दाखवलं.

दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. एका कोपऱ्यात तूर वाळत घातली होती. मामांनी एक जुनी लग्नपत्रिका आणली होती, मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. पत्रिकेच्या पाकिटातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. दोन पानं होती, टाइप केलेली, खाली शिक्का. घड्यांवर अक्षरं पुसट झाली होती, पण कागद फार हाताळलेला नव्हता. एकदाच उघडून परत बंद केलेला दिसत होता.

"तुलाच कामून देऊन राहिलो, माहीत हाय का?"

मी मान हलवली.

"वकील लई हायेत कंधारात. पन समदे बोलतात."

मग त्यांनी सांगितलं. तिकडे एक घटना घडली होती, तिची चौकशी झाली होती, आणि परत येताना बाकीच्या कागदांबरोबर हा कागद हातात आला होता. इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं यायचं. त्यांनी यातले दोनच शब्द वाचले होते. एक 'फायर', आणि त्याच ओळीत 'फेल'. मग घडी घातली ती घातली.

"मी गोळी झाडली न्हाई," मामा म्हणाले. "झाडायला पायजे होती का, ते यात लिहिलं असंल. कसूर माजी निघाली, तर मी शाळेत जाणार न्हाई. लेकरांसमोर झेंड्याच्या दोरीला हात लावायचा म्हंजे हात साफ पायजे. न्हाई निघाली, तर जाईन. पन खरं वाच. मला बरं वाटावं म्हनून वाचू नको."

मी कागद उघडायला लागले तर त्यांनी हात आडवा धरला.

"आधी मी सांगतो. मग तू वाच. उलटं केलं तर मी कागदासारखं सांगंन."

साक्षीपुराव्याच्या कायद्याची दोन जाड पुस्तकं मी वाचलेली आहेत. त्यांत जे सांगायचं आहे ते इतकं थोडक्यात मला कधी सापडलं नव्हतं. मी कागद मिटून मांडीवर ठेवला.

तिथे जाऊन त्यांना दोनच आठवडे झाले होते. एका दवाखान्याच्या आवारात आसपासच्या गावांतून पळून आलेल्या बायका, लेकरं, म्हातारी माणसं राहत होती. आवाराच्या फाटकावर दोघांचा पहारा, एक मामा आणि दुसरा त्यांच्याच पलटणीतला जवान. एका सकाळी रस्त्याने माणसं आली. आधी पाच-पन्नास, मग रस्ता दिसेनासा झाला. हातात कोयते होते. आत लपलेल्यांपैकी कोणीतरी त्यांच्या गावातल्या कोणाला मारलं अशी बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. खरी की खोटी ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"आधी भोंगा वाजवला. मग जोडीदारानं लाउडस्पीकरवर सांगितलं. मग दगड आले. जोडीदाराच्या कपाळाला लागला, त्यो खाली बसला. रक्त डोळ्यात जाऊन राहिलं त्याच्या. फाटकावर मी एकटा."

शांतिसेनेच्या प्रत्येक जवानाच्या खिशात नियमांचं एक कार्ड असतं. गोळी कधी, कोणत्या क्रमाने. तशी कार्डं मी पुस्तकातल्या परिशिष्टात पाहिली होती, गुळगुळीत कागदावर छापलेली. मामांचं घामाने भिजून शर्टाला चिकटलेलं होतं. आधी तिथल्या भाषेत तीनदा इशारा द्यायचा, मग हवेत एक, मग खाली. तिथली भाषा स्वाहिली. इशाऱ्याचे शब्द मामांनी देवनागरीत लिहून हेल्मेटच्या आत चिकटवले होते. 'सिमामा', म्हणजे थांबा. त्यापुढे आणखी चार शब्द.

"ते आलंच न्हाई," मामा म्हणाले. "तोंड उघडलं आन् आत कायच न्हाई. हेल्मेट काढून बगू का? म्होरं एक मानूस, पिवळा स्वेटर घातलेला. उन्हात स्वेटर. कोयता असा खांद्यावर. इथनं त्या टाकीपर्यंत आला होता."

टाकी आमच्यापासून आठ-दहा पावलांवर होती.

"सेफ्टी काढली. खटका वाजला तो त्याला ऐकू गेला असंल. आन् मी वरडलो, सबूर! अरे सबूर! बाजारात बापानं भांडण सोडवताना म्हनावं तसं. मला काय माहीत मी काय वरडलो ते. त्यो थांबला. मग त्यानं माझ्याकडं बगून माझाच शब्द मला परत केला. वाकडा करून. सुबीर का काय. चिडवलं मला. मी परत सबूर. त्यानं परत तेच. तिसऱ्यांदा मी म्हनालो तर त्यो मागं वळला आन् सगळ्यांना वरडून तेच सांगून राहिला. समदे तेच म्हनायला लागले. मला वाटलं, खेळ केला माझा. आता येतील."

"आणि?"

"आले न्हाईत. हुभे ऱ्हायले. मीबी हुभा. किती वेळ ते सांगता येत न्हाई. मग आपल्या गाड्या आल्या."

मी विचारलं, "बोट कुठे होतं?" असा प्रश्न मी विचारला याचं मलाच आश्चर्य वाटलं.

मामांनी उजवा हात पुढे केला. मूठ वळलेली आणि तर्जनी सरळ, आडव्या रेषेत. "बाहेर. चापाच्या कडीच्या बाहेर, असं. शेवटपर्यंत. आत गेलं की ते आपलं बोट ऱ्हात न्हाई."

ती तर्जनी मी लहानपणापासून पाहत आले होते. पेला धरताना, विळा धरताना, मोटारसायकलच्या मुठीवर, मामांचं ते बोट बाकीच्या बोटांबरोबर कधी वळत नाही. आम्हा भावंडांना वाटायचं, त्यांना कधीतरी लागलं असेल.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. जोडीदाराला टाके पडले, त्याची एका डोळ्याची नजर अधू झाली. चौकशी तीन दिवस चालली. टेबलामागे दुसऱ्या देशांचे अधिकारी, मध्ये तिथलाच, हिंदी जाणणारा एक दुभाषी. साहेबांनी विचारलं, काय म्हणून इशारा दिला? मामा म्हणाले, "सबूर बोला, साहब." दुभाष्याने सांगितलं, साहेबांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामांना फाटकावरून काढून शिध्याच्या स्टोअरात टाकलं. वर्ष संपेपर्यंत ते तारेच्या कुंपणाच्या आतच होते. सगळे आपलेच लोक, बोलायला हिंदी, मोजायला पिठाची पोती.

"आता वाच," मामा म्हणाले आणि उठून तुरीकडे गेले. माझ्याकडे पाठ करून हाताने शेंगा सारखत राहिले.

मी आधी मनात वाचलं. परीक्षेतसुद्धा मी इतकं हळू वाचलेलं नाही. पहिल्या पानावर जागा, वेळ, हवा, माणसांची अंदाजे संख्या. 'फायर' आणि 'फेल' दुसऱ्या पानाच्या मध्यावर होते, खरंच एका ओळीत. ती ओळ अशी होती: भोंगा आणि ध्वनिक्षेपक हे दोन्ही उपाय फेल झाल्यावर व दुसरा पहारेकरी जखमी झाल्यावर फायर करणं पहारेकऱ्याला नियमाने मोकळं होतं.

फेल झाला होता तो भोंगा.

त्याच्या पुढची ओळ वाचून मी परत मागे गेले, पुन्हा वाचली. मग मोठ्याने, एकेका वाक्याचं मराठी करत मामांच्या पाठीला वाचून दाखवलं. पहारेकऱ्याने ठरल्याप्रमाणे स्थानिक भाषेत तीन वेळा इशारा दिला. त्याने वापरलेला शब्द 'सुबिरी', म्हणजे 'थांबा, धीर धरा'. समोरच्या म्होरक्याने तो शब्द मागच्या लोकांपर्यंत पोचवला. त्यामुळे गोळी झाडण्याची गरज उरली नाही. पहारेकऱ्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही.

मला वाटलं होतं मामा वळतील. ते वळले नाहीत.

"मी तसं म्हनालो न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"सुबिरी. मी न्हाई म्हनालो. मला ती भाषा आलीच न्हाई त्या वक्ताला. मी सबूर म्हनालो. कागद चुकलाय."

मी मोबाइल काढला. स्वाहिलीचा शब्दकोश शोधला, तो शब्द टाकला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मूळ अरबी. आपल्या 'सबूर'चं मूळही तेच, धीर. तोच शब्द एकीकडे गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि आत जंगलापर्यंत चालत गेला. दुसरीकडे फारसी-उर्दूतून, निजामाच्या कचेऱ्यांतून आणि बाजारांतून कंधारपर्यंत आला आणि मामांच्या वडिलांच्या तोंडी राहिला. एका फाटकावर, दहा पावलांच्या अंतरात, त्याची ती दोन रूपं समोरासमोर आली. अंगावर काटा येतो असं आपण सहज म्हणून जातो. त्या दुपारी माझ्या अंगावर तो खरोखर आला, मनगटापासून मानेपर्यंत.

मला बोलून सांगता येईना. मी शब्दाशेजारचं लाउडस्पीकरचं चिन्ह दाबलं. मोबाइलमधल्या बाईने स्वच्छ आवाजात म्हटलं, "सुबिरी."

मामांचा हात तुरीत थांबला.

"परत," ते म्हणाले.

"सुबिरी."

"हाच," मामा म्हणाले. ते आता वळले होते. "हाच शब्द. असाच म्हनला त्यो. मुकी, त्यो चिडवत नव्हता मला."

"नाही, मामा."

"त्यो मागच्यांना थांबवून राहिला होता. आन् मी इतकी वर्षं..." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, मग मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि त्या सरळ बोटाने स्वतः चिन्ह दाबलं. पुन्हा दाबलं.

खालून मामी ओरडली, "कोन सबूर म्हनून राहिलं? मी काय घाई केली तुमच्यावर?"

मामा हसले. हसता हसता बसले, तिथेच तुरीशेजारी. पण लगेच गंभीर झाले.

"मग कागद खोटाच झाला की. मला भाषा येती म्हनून त्यांनी सोडलं. मला येत नव्हती."

मला त्याआधीपर्यंत कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यावर कुणाचं इतकं अडलेलंही नव्हतं. बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नव्हतं. मी तो कागद पुन्हा पाहिला, कार्डावरचा नियम मनात आठवला, आणि बोलायला लागले. बोलत राहिले. म्हटलं, मामा, इशारा कशासाठी द्यायचा असतो? समोरच्याला संधी मिळावी म्हणून. तुम्ही कोणत्या गावाचा शब्द वापरला याला नियमात जागा नाही. समोरच्याला कळला की नाही, एवढंच बघायचं. त्याला कळला. त्याने पुढे सांगितला. म्हणजे तुमचा इशारा पोचला. तुम्ही चौकशीत खोटं बोललात का? नाही, 'सबूर' म्हणालो असंच सांगितलंत. दुभाष्याने त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते सांगितलं. आणि मुख्य म्हणजे, शब्दाच्याही आधीची ओळ बघा. गोळी झाडली असती तरी नियमात बसलं असतं, हे कागदाने स्वच्छ म्हटलंय. झाडली नाही तेही नियमात बसलं. परवानगी होती, सक्ती नव्हती. त्या दोन्हींच्या मधली जागा कागदाची नव्हती, ती तुमची होती.

एवढं सलग मी आयुष्यात कोणासमोर बोलले नव्हते. माझ्या प्रबंधाची पानंच्या पानं 'कधी झाडता येते' यावर होती. झाडता येत असताना न झाडलेल्या गोळीवर एक परिच्छेदही नव्हता, हे मला बोलता बोलता कळलं.

मामांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. "आन् हिला मुकी म्हनत्यात," ते म्हणाले.

"स्टोअरात का टाकलं मग?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

मी दोन्ही पानं परत शोधली. स्टोअरबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी तसं सांगितलं.

"असू दे," मामा म्हणाले. "जोडीदाराच्या डोळ्याचं?"

"जखमी झाला, एवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. ते त्यांचं ओझं कागदाने उचललं नाही, आणि मीही उचलायचा प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी त्यांनी मला त्या कागदाचं मराठी लिहून मागितलं, स्वच्छ अक्षरात, पूर्ण. मी लिहायला बसले. 'सुबिरी'च्या ओळीवर आले तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तिथं सबूर लिही."

"कागदात 'सुबिरी' आहे, मामा. भाषांतरात जे आहे तेच लिहावं लागतं."

"त्यांना म्हाईत नव्हतं म्हनून तसं लिहिलं. तुला म्हाईत हाय. माझ्या तोंडी माझा शब्द घाल. त्याच्या तोंडी त्याचा."

मी पेन उचलून धरलं. इंग्रजी शाळेत मला शिकवलेलं सगळं एका बाजूला होतं. मग लिहिलं: 'पहारेकऱ्याने तीन वेळा सबूर असा इशारा दिला. समोरच्या माणसाने सुबिरी म्हणून तो मागच्यांना सांगितला.' आणि खाली समासात बारीक लिहिलं, मूळ कागदात दोन्हीकडे एकच शब्द आहे. मामांनी समासातलं वाचलं. "हाव," म्हणाले, "ते बी ऱ्हाऊ दे. खरं हाय ते."

सव्वीस जानेवारीला मी नांदेडहून पहाटेच्या गाडीने परत कंधारला गेले. शाळेच्या मैदानात मागे, बायकांमध्ये उभी राहिले. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर निळ्या फितीचं पदक लावलं होतं. ते पदक मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोरी ओढली, झेंडा एका झटक्यात उलगडला. मग माइकसमोर उभे राहून खिशातून माझ्या अक्षरातला कागद काढला, चष्मा लावला आणि हवा, वेळ, माणसांची संख्या सगळं सोडून सरळ त्या चार ओळी वाचल्या. गोळी झाडणं मोकळं होतं, इथपासून गरज उरली नाही, इथपर्यंत. जिथे दोन शब्द होते तिथे थांबून दोन्ही नीट म्हटले.

"एवढंच हाय. जय हिंद."

टाळ्या वाजल्या नाहीत. भाषण संपलं की नाही हे कोणालाच कळलं नव्हतं. मग हेडमास्तरांनी सुरू केल्या.

बाहेर पडताना फाटकाशी शिंपीकाका उभे होते, गळ्यात टेप. त्यांनी मामांची वाट अडवली.

"फौजी. म्हंजे एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

"आन् भरलेली होती?"

"पूर्ण."

"आन् त्यो एवढ्या जवळ होता?"

मामांनी मैदानात नजर फिरवली आणि झेंड्याच्या चबुतऱ्याकडे हात केला. "इथनं तिथपर्यंत."

शिंपीकाकांनी चबुतऱ्याकडे बघितलं. अंतर मोजायची त्यांना सवय आहे. मग मामांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले, इतका वेळ की मामाच अवघडले.

"चला," शिंपीकाका शेवटी म्हणाले, "च्या घेऊ."

टपरीवर त्या दिवशी कोणी भाकरीचं नाव काढलं नाही. मी मामांच्या शेजारी बाकावर बसले, नेहमीसारखी काही न बोलता. मामांनी काचेचा पेला उचलला. तीन बोटं आणि अंगठा पेल्याभोवती होते. चौथं बोट सरळ, बाहेर.